नगरची वाट आणि विजेची शिदोरी

पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता निसर्गशोभेसाठी नावाजलेला नाही. कोकणातल्या वळणांचे लाघव त्याला नाही आणि सह्याद्रीच्या कड्यांचा दराराही नाही. भीमा आणि घोड या दोन नद्या सोडल्या तर पाण्याचे दर्शनदेखील दुर्मिळच. तथापि महाराष्ट्राच्या दळणवळणाच्या इतिहासात या वाटेचा मान मोठा आहे. १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारी प्रवासी वाहतुकीची पहिली गाडी धावली ती याच वाटेने. पुढे जिला लहानथोर सारे ‘एस.टी.’ म्हणून ओळखू लागले, तिचे हे पहिले पाऊल. आणि १ जून २०२२ रोजी, बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, राज्य परिवहन महामंडळाची विजेवर चालणारी पहिली गाडी शिवनेरीवरील देवीचे ‘शिवाई’ हे नाव धारण करून निघाली तीही पुण्याहून नगरलाच. नगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आहे. परंतु फलाटावरच्या उताऱ्यांच्या तोंडी अजून ‘नगर’च आहे, म्हणून या लेखात आम्हीही तेच नाव वापरतो.

आम्ही बेळगावकडचे. आमच्या पिढीने महाराष्ट्र पाहिला तो बव्हंशी एस.टी.च्या खिडकीतून. लग्नकार्य असो, देवदर्शन असो की मुलाचे कॉलेजचे प्रवेशपत्र असो, निपाणी-कोल्हापूरची वाट धरायची ती लाल गाडीच्या भरवशावर. त्यामुळे एस.टी.मध्ये काही बदल झाला की त्याची वार्ता आम्हां सीमाभागातील मंडळींना घरच्या वार्तेसारखी वाटते. विजेच्या गाडीबद्दल आमच्याकडे दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. एक, ही गाडी एका चार्जिंगमध्ये खरोखर किती जाते? आणि दुसरा, तिची बॅटरी किती वर्षे टिकते? पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून अडीचशे किलोमीटर हा आकडा ‘शिवाई’च्या आरंभापासून सांगितला जातो. दुसऱ्याला कोणी आठ वर्षे म्हणतो, कोणी दहा. गेल्या मे महिन्यात, शाळेला सुटी असताना, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे रस्त्यावरच शोधावीत अशा हेतूने आम्ही पुण्यात विजेच्या गाडीत बसलो.

गाडी बारा मीटर लांबीची, वातानुकूलित आणि त्रेचाळीस आसनांची. चालक कंत्राटदाराचा आणि वाहक महामंडळाचा, अशी तिची व्यवस्था. सुरू झाल्याचे कळत नाही, हा तिचा पहिला चमत्कार. ज्यांचे बालपण इंजिनाच्या घरघरीत आणि थरथरणाऱ्या काचांत गेले, त्यांना ही शांतता प्रथम थोडी परकी वाटते. आम्ही पुढच्या आसनावर बसल्यामुळे चालकासमोरचा आकडा आम्हांला स्पष्ट दिसत होता. बॅटरी ९७ टक्के भरलेली होती.

हा आकडा पाहताना आम्हांला पुण्याच्याच एका संस्थेची आठवण झाली. वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. देशात विकल्या जाणाऱ्या वाहनांची चाचणी करून त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी ही एक. विजेचे वाहन एका चार्जिंगमध्ये किती जाते याची चाचणी ठरावीक पद्धतीने, ठरावीक वेगाच्या क्रमाने आणि ठरावीक स्थितीत घेतली जाते. तशी ती घेतली नाही तर एका गाडीची दुसरीशी तुलनाच करता येणार नाही. परीक्षेला सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते, त्यातलाच हा प्रकार. परंतु परीक्षेतील गुण आणि संसारातील कर्तबगारी यांत अंतर असते, हे आम्हां शिक्षकांना कोणी वेगळे सांगावयास नको. चाचणीचा आकडा खोटा नसतो. तो चाचणीच्या रस्त्याचा असतो, नगरच्या रस्त्याचा नसतो.

येरवडा, खराडी मागे पडले आणि वाघोलीच्या अलीकडे गाडी थांबली. या टापूतील वाहनांची कोंडी सर्वश्रुत आहे. पुढे ट्रक, मागे ट्रक आणि डोक्यावर मे महिन्याचे ऊन. डिझेलची गाडी अशा वेळी उभ्या उभ्या तेल जाळते. विजेच्या गाडीचे तसे नाही. चाक थांबले की मोटारीचा खर्चही थांबतो. आम्हांला हे मोठे सुख वाटले. पण आकडा मात्र सावकाश उतरतच होता. कारण चाक थांबले तरी थंड हवेचे यंत्र थांबत नाही. एवढी मोठी गाडी भर उन्हात गार ठेवायला ताशी आठ-दहा युनिटे सहज लागतात. ‘शिवाई’च्या बॅटरीत सुमारे ३२२ युनिटे मावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे कोंडीतला तासभर किती महाग पडतो याचा अंदाज येईल. त्या तासाच्या गारव्यात पुढच्या सहा-सात किलोमीटरांची वीज खर्च होते.

लोणीकंद ओलांडून भीमेच्या पुलावरून आम्ही कोरेगावात शिरलो. पात्रातल्या उथळ पाण्यात म्हशी निवांत बसल्या होत्या. पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा सारा कारखान्यांचा पट्टा. रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच हात जोडणाऱ्या आजीबाई आणि कारखान्याची पाळी संपवून डुलक्या घेणारे तरुण एकाच आसनावर बसलेले दिसतात, हे या वाटेचे वैशिष्ट्य. येथे रस्ता थोडा मोकळा झाला आणि चालकाने वेग घेतला. वेगाचाही हिशोब आहे. गाडीला वाऱ्याचा जो अडथळा होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठाचा वेग ऐंशी केला तर वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पटींहून अधिक होतो. घाई करणाऱ्या प्रवाशाला दहा मिनिटे मिळतात, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते.

शिरूरला पोचलो तेव्हा आकडा ६६ होता. जुनी माणसे या गावाला अद्याप ‘घोडनदी’ म्हणतात. घोड ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि नगरचा उघडाबोडका माळ सुरू होतो. नारायणगव्हाण, सुपे या बाजूला वाट हळूहळू चढते, आणि पुढे कामरगावचा घाट उतरून चासमार्गे नगरात शिरते. चढ-उताराची येथे आठवण करून देण्याचे कारण असे की, विजेच्या गाडीला उतारावर काही परतफेड मिळते. ब्रेक लावताना तिची मोटारच जनित्राचे काम करते आणि चाकांतला वेग पुन्हा वीज होऊन बॅटरीत जातो. आम्ही नजर ठेवून होतो. कामरगावच्या उतारावर आकडा बराच वेळ जागचा हलला नाही.

मात्र ही परतफेड पुरी कधीच होत नसते. सोळा टनांची गाडी पाचशे मीटर वर चढवायला नुसत्या उंचीपोटीच सुमारे २२ युनिटे लागतात. हे गणित नववी-दहावीचा विद्यार्थीही करू शकेल. उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो, उरलेला उष्णतेच्या रूपाने वाऱ्यावर जातो. तरीसुद्धा चढ म्हणजे विजेच्या गाडीचा शत्रू असे मानण्याचे कारण नाही. हिमाचल प्रदेशाच्या परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये मनालीहून रोहतांगच्या खिंडीपर्यंत, म्हणजे सुमारे चार हजार मीटर उंचीपर्यंत, विजेच्या गाड्या नेऊन दाखवल्या. चढ आधी माहीत असला की त्याची तरतूद करता येते. बॅटरीला बाधते ती न धरलेली गोष्ट.

नगरला उतरलो तेव्हा आकडा ४४ होता. सुमारे १२० किलोमीटरांच्या प्रवासात ५३ टक्के वीज खर्ची पडली होती. या हिशेबाने पूर्ण भरलेली बॅटरी तळापर्यंत वापरली तर सव्वादोनशे किलोमीटर पुरेल. पण तळापर्यंत कोण जाणार? वाघोलीची कोंडी दुप्पट झाली, शिरूरजवळ अपघात होऊन रस्ता अडला, तर वीज शिल्लक हवी. साधारण पाचवा हिस्सा राखून ठेवला तर भरवशाची मजल १८० किलोमीटर होते. म्हणजे सांगितलेले २५०, रस्त्यावरचे सव्वादोनशे आणि भरवशाचे १८०. हे तिन्ही आकडे खरे आहेत. मात्र वेळापत्रक आखणाऱ्याने तिसराच आकडा हाती धरावयास हवा. शिदोरीचे तरी काय असते? घरातून निघताना दहा भाकरी बांधल्या म्हणून दहाव्या भाकरीवर मुक्काम ठरवणारा वाटसरू आमच्या पाहण्यात नाही.

आगारात गाडी चार्जिंगला लागली. दीड-दोन तासांचा अवधी होता. चालक चाळिशीचे, नगर तालुक्यातलेच. आम्ही शाळेत शिकवतो हे कळताच त्यांनी आम्हांला ‘गुरुजी’ केले आणि चहा मागवला.

“काय हो चालकसाहेब, आकडा उतरताना पाहून धास्ती वाटत नाही?” आम्ही विचारले.

“पहिल्या महिन्यात वाटायची, गुरुजी. तेव्हा रस्ता कमी आन् आकडा जास्त बघायचो,” ते हसून म्हणाले. “आता आकड्याचं बी कळायला लागलंय. लांबनं सिग्नल दिसला की पाय काढून घ्यायचा, गाडी आपोआप सावरती आन् वीज बी माघारी मिळती. दामटली तर दोघांचं बी नुकसान.”

“आणि बॅटरी जुनी झाली की?”

“बैल म्हातारा झाला म्हणून कोणी लगेच सोडून देत नाही ना गुरुजी. ओझं कमी करायचं, टप्पा जवळचा द्यायचा. पण मालकाला ठावं पाहिजे बैल म्हातारा झालाय ते.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. बॅटरी एखाद्या दिवशी अकस्मात मरत नाही. ती हळूहळू ओसरते. आपल्याकडील विजेच्या बसगाड्यांत बहुधा लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या रसायनाची बॅटरी असते. ती उष्णतेत तुलनेने सुरक्षित आणि दीर्घायुषी समजली जाते. चार्जिंग होताना लिथियमचे सूक्ष्म कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात, वीज वापरताना परततात. या जाण्यायेण्यात आतील कार्बनच्या पृष्ठावर एक पातळ थर धरत जातो आणि थोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. घरच्या बंबात क्षाराचा थर धरतो आणि बंबात मावणारे पाणी कमी कमी होत जाते, तसेच हे समजावे. गाडी वापरली की थर वाढतो, आणि नुसती उभी ठेवली तरीही तो थोडा थोडा वाढतो. उष्णतेत तो अधिक वेगाने वाढतो. म्हणून बॅटरीच्या वयाची मोजणी नुसत्या किलोमीटरांत करून भागत नाही. तिने किती उन्हाळे काढले तेही पाहावे लागते.

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. बॅटरी थंड ठेवण्याची यंत्रणा नीट राखणे, भर दुपारी तापलेली गाडी लगेच वेगाने चार्ज न करणे, पूर्ण भरून दिवसेंदिवस उभी न ठेवणे, तळापर्यंत न नेणे, आणि रात्री सावकाश भरणे. या रसायनाची आणखी एक खोड आहे. बॅटरी बरीच भरलेली असो की बरीच रिकामी, मधल्या साऱ्या टप्प्यात तिचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे समोर दिसणारा टक्क्यांचा आकडा हा शेवटी एक अंदाज असतो, आणि तो दुरुस्त राहावा म्हणून मधूनमधून ती पूर्ण भरावी लागते. आकड्यालाही वेळोवेळी कसोटीवर घासावे लागते ते असे.

बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की वाहनासाठी तिची उमेद संपत आली, असा एक सर्वसाधारण संकेत आहे. पुढे ती बॅटरी सौरऊर्जा साठवण्यासारख्या बैठ्या कामाला लावता येते. आता नगरच्या वाटेवर हा संकेत लावून पाहू. सव्वादोनशेचे ८० टक्के म्हणजे १८०, आणि त्यातून पाचवा हिस्सा राखला की भरवशाची मजल उरते सुमारे १४५ किलोमीटर. पुणे-नगर हे अंतर १२० किलोमीटर. म्हणजे म्हातारी झालेली बॅटरीही एका बाजूचा प्रवास सुखरूप पार पाडील, परंतु नगरला चार्जिंग मिळालेच पाहिजे. नवी असो की जुनी, ही गाडी पुण्याहून नगरला जाऊन न भरता पुण्याला परतू शकत नाही. या वाटेवरील सेवेचा खरा आधार नगरच्या आगारातले चार्जिंगचे यंत्र हाच आहे.

नगर शहराचे वेगळे वर्णन येथे करीत नाही. १४९० मध्ये वसलेले हे निजामशाहीचे ठाणे, त्याचा भुईकोट किल्ला, दूर डोंगरावर दिसणारा आणि ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखला जाणारा सलाबतखानाचा मकबरा, हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे. परंतु लष्करी वाहनांची पारख करणारी संरक्षण खात्याची संशोधन संस्थाही याच नगरात आहे, आणि तिच्याकडे वाहनांच्या चाचणीसाठी खास धावपट्ट्या आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. वाटेच्या एका टोकाला पुण्याची चाचणी संस्था आणि दुसऱ्या टोकाला नगरची. मधल्या १२० किलोमीटरांत मात्र रोजची परीक्षा घेतात त्या वाघोलीची कोंडी, सुप्याचा माळ आणि मे महिन्याचे ऊन.

आता आमच्या वाटेचे. कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे नगरच्या वाटेपेक्षा थोडे कमीच. डिझेलची गाडी कोल्हापूरच्या आगारात टाकी भरून निघते, बेळगावला उतारू सोडते, नवे घेते आणि परत जाते. वाटेत कोणाकडे काही मागावे लागत नाही. विजेच्या गाडीला जाऊन येऊन २२० किलोमीटर पडतील, आणि तिची भरवशाची मजल नवेपणी १८० आणि म्हातारपणी १४५ आहे. याचा अर्थ उघड आहे. ती बेळगावात येऊन चार्ज झाल्याशिवाय परत जाऊ शकणार नाही. आपली शिदोरी तिला शेजाऱ्याच्या घरी भरून घ्यावी लागेल.

आणि येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, माणसांचा होतो. सीमावाद तापला की आधी थांबते ती एस.टी. डिसेंबर २०२२ मध्ये हे घडले, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा घडले. दोन्ही वेळा गाड्या बंद झाल्या आणि मध्ये अडकले ते दवाखान्याला, परीक्षेला, लग्नाला निघालेले साधे लोक. त्यांत मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते. दोन राज्यांच्या परिवहन महामंडळांत परस्पर करार असतात. कोणाच्या किती फेऱ्या आणि किती किलोमीटर ते त्यांत ठरते. या करारांत आता एक कलम वाढवावे लागेल. तुमची गाडी आमच्या स्थानकात आणि आमची गाडी तुमच्या स्थानकात, ठरलेल्या दराने आणि ठरलेल्या वेळी, चार्ज होईल. हे कलम नसेल तर विजेच्या गाड्या राज्याच्या आतल्या वाटांवरच फिरत राहतील आणि सीमेपलीकडच्या वाटांवर येतील त्या उरलेल्या जुन्या गाड्या. ही गोष्ट बेळगावपुरती नाही. गोव्याकडे, इंदूरकडे, बडोद्याकडे, हैदराबादकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेला हाच हिशोब लागू आहे. अंतर जितके मोठे तितकी मधली चार्जिंगची ठाणी अधिक.

दुसरे एक कलम कंत्राटात असावे असे आम्हांला वाटते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांसाठी दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना मंजूर केली. अशा योजनांत बहुधा गाडी कंत्राटदाराची असते आणि तिला दर किलोमीटरमागे पैसे दिले जातात. करार दहा-बारा वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी गाडी किती जाते हे सारेच विचारतात. आठव्या वर्षी, मे महिन्यात, गाडी भरलेली आणि थंड हवा चालू असताना ती किती जाईल, हे करारात लिहिलेले असावे. आणि मजल त्याखाली गेली तर बॅटरी कोणी बदलायची तेही. तसे न लिहिल्यास ओसरत्या बॅटरीचा भार हळूच प्रवाशावर येतो. आधी थंड हवा बंद होते, मग लांबची फेरी रद्द होते, आणि शेवटी ‘गाडी नाही’ हा फलक लागतो.

विजेची गाडी चांगली आहे. तिचा धूर नाही, आवाज नाही, आणि घोडनदीपासून नगरपर्यंतचा माळ तिच्या शांततेत आम्हांला प्रथमच कानांनी अनुभवता आला; टिटवीचा आवाज एस.टी.त बसून यापूर्वी आम्ही कधी ऐकला नव्हता. ती आमच्या वाटेवर यावी आणि टिकावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी कोल्हापूरच्या टोकाला जसे एक यंत्र लागेल तसेच बेळगावच्या टोकालाही एक लागेल. यंत्र बसवायला फार काळ लागत नाही. त्याची वीज दोन्हीकडच्या गाड्यांना मिळेल एवढे लिहून घेण्याचे काम मात्र आपल्या लोकप्रतिनिधींकडून आपणच करवून घ्यावयास हवे.